कोणी न लिहिलेली पत्रं

बायको गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगा सकाळीच देवासच्या बँकेत निघून जाई. घरात मी आणि सूनबाई. ती इंदूरच्या एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरूनच करायची. मी तिच्या खोलीत खुर्ची टाकून बसायचो. काम कळत नव्हतं. माणूस दिसत होतं, बस.

फोनची वायर कॉम्प्युटरशेजारच्या डब्याला जोडली की आधी तो किंचाळायचा, मग पडद्यावर पत्रं पडायला लागायची. चाळीस, पन्नास. एक दिवस विचारलंच, "अगं, इतकं लिहितं कोण तुला? तुझी आई पण महिन्याला एकच पोस्टकार्ड टाकते."

"कोणीच नाही लिहीत, बाबा. आपोआप येतात."

हे डोक्यात बसेना. मी सातवी फेल, पण पस्तीस वर्षं सायकलवर तारा वाटल्या, आमच्या शहरात देवास गेटपासून राम घाटापर्यंत. कोणी लिहिल्याशिवाय कागद निघतो हे कधी पाहिलं नव्हतं.

"मग तिकडे बसलंय कोण?"

तिने समजावलं. सहा जण मिळून एकच प्रोग्राम लिहितात. तो इंदूरच्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला. ज्याने आपला बदल तिथे जमा केला त्याचं नाव, वेळ, काय बदललं, का बदललं, हे सगळं तो कॉम्प्युटर स्वतःच सहाही जणांना मेल करतो. ही व्यवस्था हिनेच बसवली होती.

"आधी कोण काय बदलतंय पत्ताच लागायचा नाही."

"आणि आता?"

"आता इतका लागतो की बघवत नाही," म्हणून ती हसली.

तिथेच घात झाला. हिचं काम ज्या भागावर उभं होतं, तोच एकाने बदलला. मेल आला होता. पन्नासांत न उघडलेला पडून राहिला. गिऱ्हाइकासमोर प्रोग्राम बंद पडला. साहेबाचा फोन आला: सोमवारपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर रोज इंदूरला येऊन बसा.

मी घाबरलो. खरं सांगतो, तिच्यासाठी नाही. ती रोज इंदूरला गेली तर दिवसभर ह्या घरात मी आणि भिंती.

"बंदच करून टाकते सगळे मेल," ती म्हणाली.

"पागल आहेस का? तारघर बंद केलं तर लोक मरायचे थांबतात?"

मग मी तिला आमची रीत सांगितली. मरणाच्या तारेवर तारघरातला बाबू वेगळी खूण करायचा, ती आधी निघायची. नोकरीची, बारशाची तार असली की मी गल्लीच्या तोंडापासून घंटी वाजवत जायचो, "मिठाई निकालो, भाभी!" खुणेची असली की घंटी नाही. सायकल स्टँडवर लावायची आणि कोणी बाहेर येईपर्यंत उभं राहायचं. पुढे पुढे लोक न वाजलेली घंटीच ओळखायला लागले.

"खूण करायची की नाही, हे ठरवायचं कोण?"

"बाबू. आम्हाला अक्कल लावायची नव्हती."

"इथे बाबू मीच," म्हणून ती कामाला लागली.

दोन दिवस लागले. तिच्या भागाला हात लावणारा बदल असला तर मेल वेगळा येणार, वर खूण, आणि कॉम्प्युटर वाजणार. बाकीच्यांचा संध्याकाळी एकच गठ्ठा. चालतं का पाहायला म्हणून तिने इंदूरला फोन लावला, "भैया, उस फाइल में एक खाली लाइन डाल दो." फोन ठेवून वायर जोडली. डबा किंचाळला, थांबला, मग टिंग! मी खुर्चीतून उठलोच. इंदूरहून रिकाम्या ओळीची तार आली होती.

"झालं, बाबा! आता बाकीचे नाही वाचले तरी चालतील."

"नाही चालणार." माझा आवाज उगाच चढला. "तुझी सासू रोज सांगायची. गुडघा, कंबर, गॅस. मी हूं म्हणायचो. त्यातच एका सकाळी म्हणाली, छातीत भरून आलंय. त्यालाही हूंच म्हणालो."

पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या दारात खुणेची तार घेऊन उभा राहिलो. माझ्या घरात खूण करायला बाबू नव्हता. हे मी तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो.

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "गठ्ठाही रोज वाचू. तुम्ही बसा समोर."

सोमवारी साहेबाने सगळं पाहिलं आणि घरूनच काम करा म्हणाला. तेव्हापासून संध्याकाळी ती गठ्ठा मोठ्याने वाचायची. मला काही कळत नव्हतं, तरी विचारायचो, ह्याने का बदललं? त्याने काल केलेलं आज का पुसलं? कधी कधी ती म्हणायची, हे मी पण विचारायला हवं.

एका संध्याकाळी वाचता वाचता ती सहज म्हणाली, "पाठ भरून आलीय आज," आणि पुढचा मेल वाचायला लागली.

"थांब. कुठे? वर की खाली?"

"काही नाही हो, बाबा. बसून बसून."

"ते असू दे. कधीपासून?"

तिने हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि नीट आठवून म्हणाली, "मंगळवारपासून."