सातभाईचं विटकरी पोट

"मिस सावंत, पोट बघा. पोट!"

पाटणकर सरांनी ट्रे माझ्यासमोर सरकवला. त्यात सातभाई उताणे निजले होते. सातभाई म्हणजे घोळक्याने पाला उचकटत फिरणारे मातकट, भांडखोर पक्षी. हे भांडुपच्या टेकडीखालचे, परवाना काढून जमवलेले. आमच्या कपाटातल्या बाकी सातभाईंची पोटं करडी. यांची विटकरी.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. अंधेरीला आमचा पक्षिसंग्रह होता. तिथे पक्षी म्हणजे 'स्किन': सोललेलं कातडं, आत कापूस, पायाला चिठ्ठी. स्किन शेजारी शेजारी ठेवून फरक शोधायचा, ही माझी नोकरी. एखाद्या भागातले पक्षी सातत्याने वेगळे निघाले, की त्यांना उपजात म्हणतात आणि नवं नाव मिळतं.

"नवी उपजात," सर म्हणाले. "पेपर तुम्ही लिहा. एकट्या."

मी काय ते समजले. आमच्या धंद्यात नव्या पक्ष्याला स्वतःचं नाव देणं निर्लज्जपणाचं समजतात. ते दुसऱ्याने द्यायचं असतं. सर दिवाळीनंतर रिटायर होणार होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नावाचे पक्षी ओळखून दिले. त्यांच्या नावाचं चिमणीचं पिल्लूसुद्धा नव्हतं.

"नाव काय देऊ, सर?"

"ते मी कसं सांगणार?" म्हणत सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मी चोची मोजल्या, पंख मोजले, शेपट्या मोजल्या. मापांत काडीचा फरक नाही, फरक फक्त रंगात. तरी पेपर लिहायला घेतला. 'पाटणकरी' हे लॅटिन वळणाचं नाव कागदावर झकास दिसत होतं.

रविवारी भांडुपला घरी आई चादरींच्या घड्या घालताना करवादली. "बघ गो! कितीव धुवा, हो रंग जाणा नाय. त्या फॅक्टरीवाल्याचा तळपट होवंदे!"

टेकडीखाली रंगाची फॅक्टरी होती. तिची विटकरी पूड गल्लीभर उडायची. आमच्या चादरी, शेजाऱ्यांचा पांढरा बोका, सगळे त्याच रंगाचे. रोजचंच असल्यामुळे कुणी तिकडे बघत नसे. आणि सातभाई धुळीत लोळून अंघोळ करतात. मी आईच्या हातातली चादर ओढून उजेडात धरली. ट्रेमधल्या पोटांचाच रंग.

सोमवारी सरांकडे गेले.

"सर, एक स्किन धुवायची परवानगी हवी."

"धुवायची? नमुना खराब होईल. कशासाठी?"

"आमच्या चादरींसाठी."

मग सगळं सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं. मी तोंड बंद ठेवलं असतं, तर कुणालाही कळलं नसतं. सरांनी बाह्या दुमडल्या.

"आणा व्हाइट पेट्रोल."

त्यांनी स्वतःच कापसाने पोट पुसलं. कापूस विटकरी झाला. पुन्हा बुडवलं, पुन्हा पुसलं. वाडग्यातलं पेट्रोल गढूळ होत गेलं आणि पोट उजळत गेलं.

"करडं," सर म्हणाले. "अगदी सरकारी करडं."

मी वाडगं ओतून टाकायला उचललं.

"थांबा! धुवण गाळल्याशिवाय टाकायचं नाही."

गाळल्यावर फडक्यावर बारीक ठिपके उरले. पक्ष्याच्या पिसांतल्या उवा. पक्षी बदलला की बहुधा उवांची जातही बदलते, म्हणून आम्ही त्या जपून ठेवतो. सवयीने स्पिरिटच्या बाटलीत घातल्या आणि उवांच्या एका तज्ज्ञाकडे पाठवल्या. सातभाईवरचा पेपर मी फाडला.

सर रिटायर झाले. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

त्यानंतर तज्ज्ञाचं उत्तर आलं. ऊ नवी होती. नाव सुचवा, असंही त्याने लिहिलं होतं. नाव माझ्याकडे तयारच होतं.

छापील पेपर घेऊन मी मुलुंडला सरांच्या घरी गेले. त्यांच्या मिसेसनी चष्मा लावून चित्र पाहिलं. भरपूर मोठं करून छापलेलं, सहा पायांचं, केसाळ.

"अगं बाई! ही ऊ?"

"ऊच," सर म्हणाले. त्यांनी चित्र आपल्याकडे ओढलं. "पण पूर्ण जात आहे. उपजात नव्हे."

पुढच्या वेळी गेले, तर ते चित्र फ्रेम करून घड्याळाच्या जागी लावलं होतं.

हाताखालच्या नव्या लोकांना मी एवढंच सांगते: नाव देण्याआधी पक्षी धुऊन बघा, आणि धुवण फेकू नका.