सुमनआत्याचे मांसाहारी

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. आणि आत्याने गच्चीवर मांसाहारी पोसले होते.

काल सकाळी ती गेली.

सुमनआत्या, बाबांची मोठी बहीण. इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात अकाउंट्स सांभाळून रिटायर झाली. लग्न केलं नाही, कधी कुणापुढे हात पसरला नाही.
रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. हिने ऑनलाइन व्हीनस फ्लायट्रॅप मागवलं. माशी बसली की पान मिटतं, ते झाड.

पहिलं झाड आम्ही इंदूरवाल्यांनी प्रेमाने मारलं.

दारी आलेल्याला खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही, मग झाड तरी कसं सुटणार? जो येईल तो त्याच्या तोंडात शेव टाकायचा. बाबांनी तर पोहे भरवले, वर जिरावण मसाला भुरभुरून!
पानं काळी पडली. झाड गेलं.

आत्या कडाडली, "ही काय देवळातली गाय आहे, येईल त्याने घास घालायला?"

मग स्वतः अभ्यासाला बसली. दुसरं झाड आलं तेव्हा मला म्हणाली, "बघ, ह्याच्या मातीत काही कस नसतो, म्हणून तर हे शिकार शिकलं. खत दिलं की मुळं जळतात. नळाच्या पाण्यातले क्षारही सोसत नाहीत. बस, धूप दो, साफ पानी दो, और अकेला छोड दो."

साफ पाणी आणायचं कुठून? पावसाचं साठवलेलं पुरेना.
आत्याने मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत कपड्यांच्या दुकानांमागे, एसीच्या नळ्यांखाली कॅन लावले; ते पाणी हवेतलं, त्यात क्षार नसतात. संध्याकाळी गोळा करायला स्वतः जायची.
दुकानदार चिडवायचे, "दीदी, आपके शेर प्यासे हैं क्या?"

हसा लेको! त्याच पाण्यावर तिने बियांपासून रोपं काढली. मे महिन्यात, हिरव्या जाळीखाली, किडे गिळणाऱ्या घटपर्णीला घट धरवले. कॉलेजची मुलं बघायला यायची, तेव्हा मी उगाच मध्ये मध्ये करायचो. माझी आत्या आहे, हे कळायला नको?

कुणी घास घेऊन पुढे झालं, की तिचं ठरलेलं वाक्य यायचं.
"उसको कुछ मत खिलाना. अपनी कमाई का खाता है."

हॉस्पिटलमध्ये तिला एकच घोर होता. "ह्या उन्हात त्यांना पाणी कोण देईल रे? कुणीतरी नळाचं घालेल बघ."


आज सकाळी दार उघडलं, तर पायरीवर कॅन. सगळे भरलेले. कोणी कधी आणून ठेवले, कळलंच नाही.
बाबांनी एकेक उचलून वर नेला. कुणाला हात लावू दिला नाही.

शेजारचे काका आमच्यासाठी पोहे घेऊन गच्चीवर आले. एक घास झाडापुढे धरत म्हणाले, "बेचारा कल से भूखा होगा."

बाबांनी त्यांचा हात अडवला.
"भिया, उसको कुछ मत खिलाना," ते म्हणाले. "अपनी कमाई का खाता है."
आणि मग रडले.

आत्या, पाणी घातलंय. एसीचंच.
निवांत जा.