प्रेमदासचा ढाळ

बोरगाव मेघेत प्रेमदास प्लंबरला कोणी प्लंबर म्हणत नाही. त्याला ढाळवाला म्हणतात. तीस वर्षांत त्याने लोकांना एकच गोष्ट शिकवली: पाण्याला ढाळ द्या, ते आपल्या वाटेने जातं. ढाळ म्हणजे उतार. या शब्दाचा दुसरा अर्थ पोटाशी निगडित आहे आणि त्यावरून पाठीमागे काय काय बोललं जातं, तेही प्रेमदासला ठाऊक आहे. तो रागावत नाही. "दोन्हीत माल खालीच जाते ना बे," म्हणतो आणि लेव्हलची नळी गुंडाळायला लागतो.

काम संपलं की तुंबणार नाही अशी तो जबान देतो. मात्र स्वतःचा भरवसा नसेल तिथे देत नाही. एका लग्नघरात जिन्याखालच्या संडासाला त्याने जबान दिली नव्हती. मालकाने ऐकलं नाही. त्या घरचे वऱ्हाडी तीन दिवस शेजाऱ्यांच्या दारात लोटा घेऊन रांगेत होते.

यंदा यशोदाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ही जबान पणाला लागली.

यशोदाबाई म्हणजे किराणावाल्या महादेवरावांची बायको. घरात संडास एकच, तोही माडीवर. डॉक्टरांनी तीन महिने जिना बंद सांगितला. दवाखान्याच्या खाटेवरून बाईंनी जाहीर केलं, "खाटीखाली भांडं ठेवाचं नाई. खाली संडास करा, नाई त मी पोराकडे पुण्याले जातो."

महादेवराव घाबरले. दुकानात डोळे मिटून शेंगदाणे काढून देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरातला साखरेचा डबा चाळीस वर्षांत सापडलेला नव्हता.

खालच्या मजल्यावर एक न्हाणी होती, पण ती घराच्या मागच्या टोकाला आणि दोन पायऱ्या खोल. मैल्याची टाकी पुढे, अंगणात. मध्ये अख्खं घर. प्रेमदासने नळी लावून पाहिली आणि मान हलवली.

"नाई होत, काकाजी. न्हाणी खाली, टाकी वर. ढाळच नाई."

"मागच्या नालीत सोडून दे ना लेका."

"नालीत न्हाणीचं पाणी जाते. हे नाई जात. मी नाई सोडत."

तेव्हा नागपूरहून आईसाठी आलेल्या मयुरीने, महादेवरावांच्या मुलीने, एक खोकं पुढे केलं. आत पांढरा डबा. तो कमोडच्या मागे बसवायचा. आतली पाती सगळं बारीक करतात आणि मोटर ते पाइपातून वर ढकलते.

"म्हंजे मिक्सर," प्रेमदास म्हणाला.

"तसंच समजा."

"अन् पाइप?"

मयुरीने अंगठ्याएवढा पाइप दाखवला. प्रेमदासने तो डोळ्याला लावून खिडकीकडे पाहिलं. "ताई, चार इंचीत फसते. मी सोता काढलं हाये. तुम्ही ह्याच्यातून चढवता?"

"चढते, भाऊ."

"लाइन गेली त?"

"इन्व्हर्टर हाये," महादेवराव म्हणाले.

प्रेमदासने पिशवी उचलली. वर चढणाऱ्या गोष्टीचं काम आपण करत नाही, असं सांगून तो दारापर्यंत पोचला होता. एवढ्यात मयुरीने दवाखान्यात फोन लावला.

"मशीन कोणतीबी आणा," फोनमधून यशोदाबाईंचा आवाज आला. "पन प्रेमदासनं जबान देली पायजे. तो नाई म्हणत असन त मी नाई बसत."

प्रेमदास उंबऱ्यावर थांबला. मयुरी खोक्यातला कागद वाचायला लागली, "पाइप आधी सरळ उभा न्यावा. वर गेल्यावर आडव्या पाइपाला टाकीच्या दिशेने उतार द्यावा."

"काय द्यावा?"

"उतार."

"परत वाच."

तिने परत वाचलं. प्रेमदासने पिशवी खाली ठेवली.

दोन दिवसांत डबा बसला, उभा पाइप वर गेला, आणि आडव्याला त्याने कागदात सांगितला होता त्यापेक्षा थोडा जास्तच ढाळ दिला. बादलीभर पाणी ओतलं. डबा घरघरला, पाणी अंगणातल्या टाकीत पडलं.

"झालं ना, भाऊ? करा आईले फोन."

"पाणी गेलं. पाण्याचं काय, ते कुठंबी जाते."

मुद्दा सगळ्यांना समजला. महादेवराव म्हणाले, आपण सकाळी साडेपाचलाच जातो आणि आज जाऊन झालं. मयुरीला मोबाइलमध्ये काही महत्त्वाचं दिसलं. उरला प्रेमदास. लोकांच्या घरी शेकडो संडास बसवले, पण एकातही तो स्वतः कधी बसला नव्हता. आणि त्या दिवशी सकाळपासून पोटात फक्त चहा होता.

मयुरीने त्याला तर्री-पोहे दिले. परत दिले. मग दोन केळी, मग गरम पाणी. तिघं बैठकीत बसले, एसटीची वाट पाहावी तसे.

"एरंडेल देऊ काय?" महादेवरावांनी विचारलं.

"थांबा ना, काकाजी. घाई केली की बिघडते."

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घराला ढाळ देणाऱ्या माणसावर स्वतःच्या ढाळाची वाट पाहायची वेळ आली होती. साडेबाराला तो उठला. कोणाकडे न बघता "येतो," म्हणाला.

मागे पाती फिरणार आहेत हे माहीत असलेला माणूस कमोडवर कसा बसतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. अर्धा बसतो. पण काम झालं. त्याने डोळे मिटून पाणी सोडलं.

डबा घुर्रर्र करून उठला. बाहेर महादेवरावांनी चष्मा काढला. भिंतीवरचा पाइप थरथरला आणि मयुरीची नजर त्याच्याबरोबर न्हाणीपासून अंगणापर्यंत गेली. आवाज थांबला. प्रेमदास बाहेर आला, थेट टाकीपाशी जाऊन उकिडवा बसला आणि उघड्या झाकणातून आत पाहत राहिला. बराच वेळ. मग हात धुतले आणि फोन मागितला.

"काकू, प्रेमदास बोलून राह्यलो. जबान देतो."

"वर गेलं?"

"गेलं."

"कोणाचं?"

महादेवराव कॅलेंडरात एकादशी शोधायला लागले. मयुरीने ओढणी तोंडात धरली.

"माझं," प्रेमदास म्हणाला.



"मंग उद्या येतो मी घरी," यशोदाबाई म्हणाल्या. "पन पह्यले ते धुऊन ठेवजो लेका."