सागवानी मोबाईल

आमच्या घरात आलेला पहिला मोबाईल सागवानी होता. सुताराने तो उरलेल्या तुकड्यातून काढला होता आणि अँटेनाच्या जागी पेन्सिलीचं थोटूक ठोकलं होतं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहायचो. मी आनंदनगरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. बायको पलीकडच्या गल्लीतल्या सिंधी शेठकडे रेक्झिनच्या पर्स शिवायची. तिथे कापायचं मास्तरने आणि शिवायचं बायकांनी, असा नियम होता. तो कोणी केला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो मोडायचा कोणी हाही प्रश्न होता. मास्तर वाकडं कापायचा आणि शिलाई वाकडी म्हणून बोलणी हिला बसायची. तिला कटिंग स्वतःच्या हातात हवं होतं.

त्याच सुमारास शेठनी मोबाईल घेतला. तो खिशात मावत नसे, म्हणून हातात धरावा लागे आणि त्यामुळे सगळ्यांना दिसे. ही गैरसोय शेठनी आनंदाने सोसली. गल्लीत रेंज नव्हती. बोलायला ते गच्चीवर जात. तिथून त्यांचा आवाज फोनशिवायही बराच लांब पोचे.

मोबाईलची कव्हरं करून विकायची कल्पना त्यांचीच. असली खेळणी मी कापत नाही, असं मास्तरने सांगून टाकलं.

"मी कापते," बायको म्हणाली.

"सँपल पास झालं तर कटिंग तुमचं, भाभी," शेठ म्हणाले.

"मग मापाला फोन ठेवून जा."

"फोन? धंदा बंद करू काय, भाभी?"

म्हणून तो सागवानी ठोकळा. शेठ शेजारी पहाऱ्याला उभे राहिले आणि सुताराने माप घेतलं. पुढचा आठवडाभर बायको त्या ठोकळ्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे काढत होती. घरात पाय कुठे ठेवायचा हे मला विचारावं लागे.

शुक्रवारी माझी सुट्टी, म्हणून सँपल दाखवायला मीही गेलो. शेठनी फोन कव्हरात सोडला. तो सरळ तळाशी गेला. वर दोन बोटं जागा उरली.

"दोन ठेवा, शेठ," मास्तर म्हणाला. "एक घरचा, एक दुकानचा."

सगळे हसले. बायकोने पिशवीतून सागवानी ठोकळा काढला आणि कव्हरात सरकवला. तो घट्ट बसला. वरचं बटणही लागलं.

"लाकूड तेच आहे, शेठ. फोन बदलला काय?"

बदलला होता. दोनच दिवसांपूर्वी नवं, लहान मॉडेल घेतलं होतं. ते खिशात मावत असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नव्या मॉडेलचा तेवढाच दोष.

"परवाच आला," शेठ पडेल आवाजात म्हणाले.

"मग द्या इकडे."

शेठनी तिच्या पसरलेल्या हाताकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं आणि फोन दिला. तिने तो पुठ्ठ्यावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. तेवढ्यात तो वाजला. शेठनी हात पुढे केला.

"थांबा, जाडी राहिलीय," ती मान वर न करता म्हणाली.

शेठ थांबले. फोन वाजून वाजून गप्प झाला.

पुढच्या लॉटपासून कटिंग आमच्या घरी आलं. फोन मात्र दर काही महिन्यांनी आकसत राहिले. नवं मॉडेल घेतलं की शेठ आधी आमच्याकडे येत, "भाभी, माप," म्हणून ते तिच्यापुढे ठेवत आणि काम होईपर्यंत रिकाम्या हातांनी खाटेवर बसून राहत.