आई नेकनूरला गेली आहे

कर वाचवण्यात आपण हुशार आहोत, असा माझा बरीच वर्षं समज होता. चुकवणं नव्हे, वाचवणं. या दोन शब्दांतला फरक मी चारचौघांत इतक्यांदा समजावून सांगितलाय की ओळखीचे लोक मला लांबून बघून गल्ली बदलत असावेत.

बीडमध्ये आमचा चटणीचा घरगुती धंदा आहे. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची. चटणी आईची. म्हणजे हात तिचा, अंदाज तिचा, उखळात लसूण कधी टाकायचा आणि कुटणं कधी थांबवायचं हे ठाऊक असणारी घरात एकटी तीच. माझं काम पिशव्यांवर लेबल चिकटवणं, फोन घेणं आणि स्वतःला मालक म्हणवून घेणं. वडील गेल्यावर किराणा दुकान चालेना, म्हणून हे सुरू केलं. आमच्या लिंगायत वाण्यांच्या घरात दुकान मोडणं म्हणजे नाक कापल्यासारखं. त्यामुळे निदान हिशेबात तरी आपण पुढे आहोत, हे मला स्वतःला पटवायचं होतं.

आमचे कर सल्लागार सरळ माणूस. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "धंदा घरात आहे ना? मग घराचा जेवढा भाग धंद्याला लागतो तेवढं भाडं आणि तेवढं लाईटबिल खर्चात धरा. घर आईच्या नावावर आहे, त्यांना भाडं द्या. त्या राबतात, त्यांना पगार द्या. पण खरोखर द्या, बँकेतून द्या. त्यांना कर बसत नाही, तुमचा कमी होतो. सगळं कायद्यात बसतं."

मी सगळं ऐकलं, फक्त 'खरोखर' हा शब्द कानाआड केला. आईचं खातं उघडलं, दर महिन्याला त्यात पैसे जाऊ लागले आणि तिचं एटीएम कार्ड माझ्या पाकिटात राहिलं. तिला औषधाला, मठात द्यायला काही लागलं की ती पूर्वीसारखीच माझ्याकडे मागायची. भाडेकरारावर घरमालकीण म्हणून आणि पगाराच्या पावतीवर कामगार म्हणून तिनं सह्या केल्या तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "कावून रे, माज्याच घराचं भाडं मलाच?" मी हसून म्हणालो, "तुला न्हाई कळायचं ते." ते तिला कळत होतं, हे आता लिहिताना मला कळतंय.

पुढे दुसऱ्या राज्यांतून ऑर्डरी येऊ लागल्या, म्हणून जीएसटीचा नंबर घ्यायचं ठरलं. अर्जात धंद्याची जागा लिहायची होती. सल्लागारांनी मागच्या खोलीचा अर्धा भाग लिहायला सांगितला होता. मी अख्खी खोली लिहिली. अर्धी लिहिली तर भाडंही अर्धंच धरता येणार, एवढाच विचार. त्या खोलीत आई झोपायची. सकाळी खिडकीखाली पाट मांडून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन तिची पूजा तिथंच चालायची. हे सगळं मला अर्ज भरताना आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि मी पुढच्या रकान्यात गेलो.

मग एक दिवस कर खात्यातून फोन आला. उद्या अकरा वाजता जागेची पाहणी आहे, फोटो घ्यावे लागतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. अर्जात पॅकिंगची खोली लिहिलेली आणि आत खाट, लुगड्यांची दोरी, औषधांचा डबा. खोली खोटी ठरली तर भाडं खोटं, भाडं खोटं तर पगारही खोटा, असा धागा मी रात्रभर उसवत बसलो.

बायको तेव्हा माहेरी गेलेली. ती असती तर हे झालं नसतं. सकाळी मी खाट मागच्या पडवीत टाकली. ट्रंक, अंथरूण, वडिलांचा फोटो, सगळं बाहेर. पूजेचं तबक फ्रिजवर ठेवलं. आई दारात उभी राहून बघत होती. "पाट तरी राहू दे की रे," ती म्हणाली.

"पाट दिसला की राहती खोली वाटती, आई," मी खेकसलो. मग तिला पढवलं, "कुणी इचारलं तर मी कामाला हाय म्हण. पगार मिळतो म्हण. बाकी काई बोलू नगं."

"बरं," ती म्हणाली. शाळेतल्या मुलीसारखं तिनं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणूनही बघितलं.

पाहणीला आलेल्या बाई माझ्याहून लहान होत्या. आवाज मऊ, खांद्याला पर्स, हातात फोन. त्यांनी बाहेरच्या पाटीचा फोटो घेतला, मग खोलीचा. मी मापं सांगत होतो, पिशव्या बंद करायचं यंत्र दाखवत होतो, उगाचच बडबडत होतो. आईनं पाणी आणलं.

"आजी, तुम्ही कोण यांच्या?" बाईंनी सहज विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी हितं कामाला हाय."

"पगार मिळतो ना वेळेवर?"

"मिळतो की."

"मालक कसे आहेत?"

"लई चांगले हायत," आई म्हणाली. तिनं मला मालक केलं आणि वर 'हायत' म्हणून मान दिला. मी तिथंच उभा होतो, टेबलावरची लेबलं नीट करत.

इथवर येऊन थांबलं असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. पण बाईंनी पर्समधून कागद काढला. "जागा तुमच्या आईच्या नावावर आहे. त्या कुठं आहेत?"

हे मी धरलंच नव्हतं. एवढी अक्कल लढवणाऱ्या मला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती, की घरमालकीण आणि कामवाली एकच बाई आहे आणि ती समोर तांब्या घेऊन उभी आहे. अजूनही खरं सांगता आलं असतं. हसून म्हणता आलं असतं, मॅडम, हीच माझी आई, उगाच घाबरलो. त्यात फक्त माझी थोडी फजिती झाली असती. मी म्हणालो, "आई नेकनूरला गेली आहे. तिचं माहेर आहे ते."

मग माझ्या मदतीला आईच आली. "व्हय, गेल्यात त्या. सकाळच्या यष्टीनं," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "शेवटचा एक फोटो. तुम्ही उभे राहा यंत्रापाशी. आजी, जरा बाजूला होता का?" आणि आई बाजूला झाली. भिंतीला अगदी चिकटून, पदर आवरून घेऊन, फोटोत काही येऊ नये म्हणून.

नंबर मिळाला. मी पेढे घेऊन सल्लागारांकडे गेलो आणि आपली हुशारी रंगवून सांगितली. त्यांनी पेढा हातातच ठेवला. म्हणाले, "अहो, आई घरमालकीण असू शकते, कामालाही असू शकते आणि त्याच घरात राहूही शकते. अर्धी खोली लिहून खरं बोलला असतात तर काहीच बिघडलं नसतं. तुम्ही आईला कशाला लपवलंत?" मी त्यांच्यासमोर खाली मान घालून बसलो आणि नंतर चहासुद्धा न घेता निघालो.

मी खाट पाहणीच्याच दिवशी आत नेली होती, पाटही. सल्लागारांकडून आल्यावर एटीएम कार्ड आईच्या हातात दिलं. ते तिनं देव्हाऱ्यातल्या भस्माच्या डबीखाली ठेवलं आणि विषय संपवला. माझ्याशी ती नेहमीसारखीच बोलत होती. तिनं रागवावं, टोमणा मारावा, असं मला वाटायचं. तिनं काहीच केलं नाही, त्यामुळे मीच आतल्या आत कुढत राहिलो.

दोनेक महिन्यांनी दिंद्रुडचे एक दुकानदार घरी आले. त्यांना दुकानात ठेवायला आमची चटणी हवी होती. चव बघून खूश झाले आणि आईकडे वळून म्हणाले, "मावशी, तुमीच बनवता का?" आईनं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. आज आपण कोण, हे विचारल्यासारखं.

"ही माझी आई," मी म्हणालो. गरजेपेक्षा फारच मोठ्यानं म्हणालो असणार, कारण दुकानदार जरा दचकले.

"ते दिसतंयच की," ते म्हणाले. "तोंडावळा सारखाच हाय. नाक तर डिट्टो."

ते गेल्यावर मी आरशात बघितलं. मग खोलीत जाऊन आईशेजारी बसलो. ती शेंगदाण्याची सालं पाखडत होती.

"आई, त्या पाहणीवाल्या बाईला कळालं असंल का गं?"

"कळालंच हुतं की," ती म्हणाली. सूप थांबलंसुद्धा नाही. "पाण्याचा गिलास माज्या हातात देताना हळूच म्हणली, आजी, तुमच्या लेकाला म्हणावं, एवढं भ्यायचं काई कारण न्हाई."

"मग कावून सांगितलं न्हाईस मला?"

तिनं सूप मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. "लाज वाटली असती तुला," ती म्हणाली.

वाटायलाच पाहिजे होती, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. मी तेही म्हणालो नाही.