थांबमामा

अमडापुरात त्यांना नावाने कोणी ओळखत नव्हतं. "थांबमामा लोहार कुठे?" म्हटलं की शेंबडं पोरही भट्टी दाखवायचं. दिवसातून शंभर वेळा त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "थांब." धार लावायला आलेल्या माणसाला थांब, भाता ओढणाऱ्याला थांब, भट्टीतल्या लोखंडालासुद्धा थांब. गिऱ्हाईक वैतागायचं, पण जायचं नाही. मामांची सुरी एकदा घरात आली की दहा वर्षं तिची तक्रार नसायची.

मी तिथल्या शाळेत बदलून गेले आणि पहिल्याच आठवड्यात घरची विळी घेऊन भट्टीवर पोचले. मी स्वभावाने उतावीळ, चहा उकळायच्या आत गाळणारी. पण त्या दिवशी ट्रकच्या स्प्रिंगचा, म्हणजे कमानपाट्याचा, काळा तुकडा लाल होऊन मेणासारखा वाकताना पाहिला आणि जागची हलले नाही. चाळिशी उलटलेली शिक्षिका मी, एकदम बोलून गेले, "मामा, मला सुरी करायला शिकवाल?" उत्तर काकूंनी दिलं. काकू म्हणजे त्यांची बायको. लग्न झाल्यापासून घण त्याच मारत आल्या होत्या आणि आता त्यांचा खांदा धरला होता. "शिकवा हो मॅडमले," त्या म्हणाल्या, "माह्या खांद्याले तेवढाच आराम."

पहिल्या रविवारी मामांनी लाल पाटा ऐरणीवर धरला आणि अदबीने म्हणाले, "हं, मॅडम, आता तुमी मारा." मी घण उचलेपर्यंत पाटा काळा पडला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मग त्यांनी सांडशी खाली ठेवली. "हे पाह्य बाई, ऐरणीजवळ 'तुमी' नाई चालत. एवढा मान देईस्तोवर लोखंड थंडं होते." त्या दिवसापासून ऐरणीजवळ मी 'तू' झाले. भट्टीच्या ओट्यावरून खाली उतरले की पुन्हा मॅडम. हा नियम त्यांनी एकदाही मोडला नाही.

घण मारणं महिनाभरात जमलं. माझं घोडं अडलं ते पाणी पाजताना. सुरीची धार लाल करायची आणि नेमक्या वेळी पाण्यात बुडवायची. ती वेळ सांगायला घड्याळ नाही, फक्त रंग. लोखंड जरा जास्त तापलेलं असताना बुडवलं की पाण्यात बारीक 'टिक' आवाज होतो आणि धारेला तडा जातो. मामा मान हलवायचे, "रडली." माझ्या लागोपाठ नऊ सुऱ्या रडल्या. काकूंनी त्या तारेत ओवल्या आणि मागच्या वाफ्यावर टांगल्या. "पाखरं येत नाई आता," त्या मला उत्साहाने सांगायच्या, "मॅडम, अजून दोन-तीन होऊ द्या."

पाणी पाजल्यावर सुरी दगडावर घासून पुन्हा हलकी शेकायची, की धारेवर रंग चढत जातात. इथे तर मामा श्वासही रोखायचे. "गव्हाच्या काडीचा रंग आला का उचल. कांद्याच्या सालीवर गेली त गेली." मी विचारायचे, "आता?" "थांब." "आता?" "काऊन घाई करतं? गाडी सुटून राह्यली का तुही?"

सुरी पास झाली की नाही हे मात्र मामा ठरवत नसत. तो अधिकार काकूंचा. त्या नव्या सुरीने सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, चिरायच्या आणि ताटलीत तशीच ठेवून द्यायच्या. बोथट धारेने पाला चेंगरतो आणि थोड्या वेळात काळा पडतो. हिरवा राहिला तर सुरी पास. मग मामा छोट्या छन्नीने मुठीजवळ, जिथे पाणी पोचलेलं नसतं तिथे, तीन टिंबं मारायचे. "एक आज्याचं, एक बापाचं, एक माह्यं." त्यांचा लेक पुण्याला कंपनीत. चौथ्या टिंबाची गोष्ट त्या घरात कोणी काढत नसे. मला मात्र त्या तीन टिंबांनी वेड लावलं होतं. माझ्या हातच्या सुरीवर ती उमटावीत, एवढंच मला हवं होतं.

दीड वर्षाने माझी बदली चिखलीकडे झाली. निघायच्या आदल्या सकाळी मी बाविसावी सुरी केली. ती रडली नाही. काकूंनी सांबार चिरला, आम्ही तिघं ताटलीभोवती बसलो, आणि तासाभराने तो पाला मघासारखाच हिरवागार होता. काकूंनी टाळी वाजवली. मी छन्नी मामांपुढे केली. त्यांनी सुरी उलटीसुलटी पाहिली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "थांब." मूठ बसवून त्यांनी ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. सुरी ते कधी हातात देत नसत, भांडण होतं म्हणून. टिंब एकही नव्हतं.

मी हसून निरोप घेतला आणि चिखलीपर्यंत एसटीत रडत गेले. खोटं कशाला सांगू? मी ना त्यांच्या नात्याची, ना जातीची. घरातली खूण बाहेरच्या बाईला कशी मिळेल, अशी स्वतःची समजूत घातली. राग काही गेला नाही.

चार महिन्यांनी चिखलीच्या बाजारात एक भाजीवाली डांगर, म्हणजे लाल भोपळा, कापत होती. तिच्या सुरीकडे नजर गेली आणि मी थबकले. मुठीजवळ चार टिंबं होती.

"ही कुणाकडची हो?"

"अमडापूरची, थांबमामाची."

"पण त्यांची तर तीन असतात."

"आता चार मारते तो. म्या इचारलं, त म्हने घरात माणूस वाढलं."

भाजीची पिशवी तिथेच विसरून मी घरून माझी सुरी घेतली आणि अमडापूरची जीप धरली.

मामा ऐरणीशी होते. मी सुरी त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. माझा चेहरा पाहून काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"तेव्हाच का नाही मारलीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तीनच मारले असते त ते खोटं झालं असतं," मामा शांतपणे म्हणाले. "अन् चौथं मारायच्या आंधी पोराले पुसा लागत होतं. त्याचा हक होता. तो हाव म्हनला. म्हणून त तुले म्हनलो होतो, थांब. तू कुठी थांबली? गाडी धरली अन् गेली."

त्यांनी सुरी ऐरणीवर आडवी ठेवली. टक, टक, टक. मग छन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली. माझे डोळे भरून आले होते, जागा नीट दिसेना. मी तशीच उभी राहिले.

"आता काऊन थांबली?" थांबमामा म्हणाले. "मार!"