थोरल्या जावेची सदाफुली

सदाफुली मरत नाही. भिंतीच्या फटीत उगवते, गच्चीच्या कोपऱ्यातल्या मूठभर मातीत उगवते, आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही तरी फुलत राहते. असं झाड मारायचं तर खूपच मनावर घ्यावं लागतं. धाकटीने ते घेतलं.

धाकटी म्हणजे त्या दुमजली घरातली धाकटी जाऊ. शर्टांच्या कारखान्यात धागे कापायचं काम करायची. दिवसाला दोनशे शर्ट हाताखालून जायचे, पण कापडाला कधी कात्री लागली नाही. थोरली जाऊ तळमजल्यावर राहायची. नवरा गेल्यापासून एकटीच. मागच्या अंगणात तिच्या कुंड्या आणि तोंडात दांडपट्टा. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत एकालाही तिने सोडलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी थोरलीने दिलेला गुलाब धाकटीकडे वाळला, तेव्हा थोरली पटकन बोलून गेली होती, “तुझ्या हाताला काही जगत नाही गं.” बोलली गुलाबाबद्दलच. पण धाकटीचं दुसरं मूल पोटातच गेल्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. धाकटी जिना चढून वर गेली ती गेलीच. त्यानंतर दोघी बोलायच्या त्या पाण्याच्या टाकीबद्दल आणि विजेच्या बिलाबद्दल.

आणि आता थोरलीला इस्पितळात न्यायला गाडी दाराशी उभी असताना तिने धाकटीलाच हाक मारली. कोपऱ्यातली कुंडी दाखवली. गडद सदाफुली होती ती, जवळजवळ जांभळाच्या रंगाची. पंधरा वर्षं दरवर्षी सगळ्यात गडद फुलाच्या बिया निवडून पेरल्या, तेव्हा कुठे हे एक रोप तसं निघालं होतं.

“आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी. त्यावर थेंब नको,” थोरली म्हणाली. “शेंगा अजून हिरव्या आहेत, हात लावू नकोस. आणि लाड करू नकोस.”

धाकटीला वाटलं, हे झाड जगलं तर सगळं पुसलं जाईल. तिने दुसरं काही मागितलंच नाही देवाकडे.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात पानं जराशी मिटली. सदाफुलीची मिटतातच, संध्याकाळी उघडतात. पण धाकटी धावत खाली आली. तिने तांब्याभर पाणी घातलं. संध्याकाळी पानं उघडली, आणि तिला वाटलं, आपण वाचवलं. मग काय, सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. खालची पानं पिवळी पडली, तेव्हा खत. झाड मान टाकायला लागलं, तेव्हा आणखी पाणी.

“झाड आहे ते, म्हैस नाही डुंबायला!” नवरा वरून ओरडला.

“तुम्ही गप्प बसा. तहानलंय ते.”

सडलेल्या मुळांचं झाडही तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, हे तिला कोण सांगणार? तीन आठवड्यांनी तिने खोड नुसतं धरलं आणि ते हातात आलं. बुंधा काळा, चिखलाला कुबट वास. शेंगा हिरव्याच गळून पडलेल्या. ती त्या चिखलात बसली आणि कपाळ बडवून घेत रडली.

इस्पितळात थोरलीचा पहिला प्रश्न तोच होता. “माझं झाड कसं आहे?”

“मस्त आहे, वहिनी. फुलांनी लगडलंय.” तोंडातून निघून गेलं.

“उद्या एक फूल आण. बघू दे मला.”

दुसऱ्या दिवशी धाकटीने खाडा केला. चिखलातून निघालेली एक वाळकी पाकळी घेऊन ती आधी कारखान्यात गेली आणि त्या रंगाशी जुळणारं धाग्याचं रीळ मागून घेतलं. ते मुठीत धरून तीन रोपवाटिका पालथ्या घातल्या. तिसऱ्या ठिकाणचा माणूस रिळाकडे बघून हसला. “बाई, सदाफुलीत हा रंग येतच नाही. कुणीतरी तुम्हाला बनवलंय.” तिने त्याच्याकडची त्यातल्या त्यात गडद घेतली. लालच होती. आंधळ्यालाही फरक कळला असता.

चारच्या भेटीला फूल ओल्या रुमालात घेऊन ती पलंगाशी उभी राहिली. आता थोरली काय काय बोलेल, ते तिने वाटेतच सगळं स्वतःला ऐकवून घेतलं होतं.

थोरलीने फूल डोळ्यांजवळ धरलं. उलटसुलट करून पाहिलं. एकदा धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं.

“हेच,” ती म्हणाली. “छान ठेवलंस गं.”

जिने अस्तराचा रंग जरासा चुकला म्हणून शिंप्याला भर दुकानात रडवलं होतं, ती म्हणाली, हेच. थोरलीने सोडून दिलं होतं. ही बाई सोडून देते म्हणजे काय, हे धाकटीला कुठल्याही डॉक्टरने सांगायची गरज उरली नाही.

“नाही हो वहिनी, हे ते नाही!” ती मोठ्याने बोलली. शेजारच्या पलंगावरची बाई उठून बसली. “मी मारलं ते. पाणी घालून घालून मारलं. विकतचं आहे हे. नीट बघा ना!”

“बरं,” थोरली म्हणाली. “बस. उन्हातून आलीस.”

“बसत नाही मी! बोला मला काहीतरी. काय वाटेल ते बोला. वहिनी, भांडा ना माझ्याशी!”

थोरलीने डोळे मिटून घेतले आणि धाकटीला बसता यावं म्हणून पाय जरा पलीकडे सरकवले.